घरी मासे आहेत

मे महिना नुकता लागला होता. सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो तेवढ्यात दुर्गावहिनींचा फोन आला. आवाजात रडणं नव्हतं, नुसता गोंधळ होता. "भाऊजी, हे उठूनच नाही राह्यले. खुर्चीत बसून आहेत. या बरं जरा." शटर तसंच अर्ध्यावर ठेवून मी निघालो. गजानन समोरच्या खोलीत त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसला होता, मान जराशी कललेली, अर्धा प्यालेला चहा खाली फरशीवर. समोर त्याची काचेची टाकी होती. तिच्यातला दिवा चालू होता आणि सगळे मासे काचेच्या एका कोपऱ्यात गोळा झाले होते, कारण त्या वेळी त्यांना खाणं मिळायचं. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं, आणि मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. मला ते खोलीत पाऊल टाकल्याबरोबरच समजलं होतं... पण आपण डॉक्टरची वाट पाहतो, तशी मीही पाहिली.

गजानन माझा शाळेपासूनचा सोबती. दोघेही केनवडचे. त्यानं वडिलांची शेती सांभाळली, मी वाशिमला येऊन बियाण्या-खताचं दुकान टाकलं, त्यामुळे जन्मभर तो माझा गिऱ्हाईकही होता आणि टीकाकारही. दुकानात येऊन युरियाच्या पोत्यावर बसायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर मलाच विचारायचा, "दामू, यात माती किती अन् खत किती?" मी चिडलो की त्याचं पोट भरायचं. असा माणूस गेल्यावर दुकान शांत झालं, हे काही खोटं नाही. पण मी हा लेख रडायला बसून लिहीत नाही. गजा समाधानानं जगला आणि समाधानानं गेला. त्याची आठवण काढताना मला दर दोन वाक्यांनी हसू येतं, ते मी दाबणार नाही.

त्या दिवशी माणसं जमली, पाहुणे येऊ लागले, बायका वहिनींना धरून बसल्या. चूल अर्थातच पेटली नव्हती. थोड्या वेळानं वहिनी त्या बायकांमधून उठल्या, टाकीचं झाकण उघडलं, डबीतलं चिमूटभर खाणं पाण्यावर टाकलं आणि परत येऊन जागेवर बसल्या. शेजारच्या एका बाईला ते विचित्र वाटलं असावं, ती दुसरीच्या कानाला लागली. पण केनवडहून आलेल्या आयाबायांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. घरात काहीही होवो, गोठ्यातल्या जनावराला वैरण-पाणी वेळेवर करावं लागतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. वहिनींनी तेच केलं होतं, फक्त त्यांचा गोठा आता काचेचा होता.

या गोठ्याचं सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. ज्यांच्या घरी ढोरं आहेत त्यांना हे नव्यानं सांगायला नको. लग्न असो, बारसं असो, जेवणाचं ताट उचललं की घरची बाई पदर सावरत उठते आणि म्हणते, घरी ढोरं आहेत. यजमान एकदा आग्रह करतो, दुसऱ्यांदा करत नाही, कारण ढोरांपुढे कोणाचं चालत नाही. वहिनींचं माहेर धनजचं, आमच्या केनवडपासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. लग्नानंतर त्या माहेरी एका रात्रीच्या वर राहिल्याचं मला आठवत नाही. लोक म्हणायचे, बिचारीला म्हशींनी बांधून ठेवलं आहे. मीही तसंच समजत होतो. म्हशींनी नव्हे, वहिनींनीच म्हशींना निमित्त करून ठेवलं आहे, त्यांना आपल्या घराबाहेर झोपच लागत नाही, हे गजाननशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

मग गजाचे गुडघे बोलायला लागले. शेत मक्त्यानं दिलं, म्हशी विकल्या, आणि वाशिमला आधी बांधून ठेवलेल्या घरात दोघं राहायला आली. मुलगा मंगेश पुण्यात नोकरीला. चांगला मुलगा आहे, आणि सून त्याच्याहून चांगली, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. त्यांचा आग्रह सुरू झाला की आता तुम्हाला कशाचं अडतं, इकडेच या. आणि खरंच सांगायला काही उरलं नव्हतं, ढोरं नव्हती. दोघं गेली, बरेच दिवस राहिली. परत आली तेव्हा वहिनी बारीक झालेल्या. त्यांनी तक्रार एका शब्दानं केली नाही, पण गजा पोत्यावर बसून मला म्हणाला, "सकायी उठली की बाल्कनीत जाऊन उभी राह्यते. सून हाताले काम लागू देत नाही, तिले वाटते सासूले आराम पाह्यजे. अन् हिले आराम झेपत नाही." मी चहा मागवला.

टाकीची कल्पना त्याच्या डोक्यात अशी काही ठरवून आली नव्हती. उन्हाळ्याच्या सुटीत नात आली होती, तिनं बाजारातून एका गोल बरणीत दोन सोनेरी मासे आणले आणि पुण्याला जाताना ते आजोबांच्या हवाली केले. आठवडा झाला नसेल, दोन्ही मासे पाण्यावर आडवे. गजाला ते फार लागलं. आपल्या दावणीचं जनावर असं देखत देखत कधी मेलं नाही, असं तो मला दहादा सांगून गेला. मग मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ पाहणं सुरू झालं. पाण्यात झाडं लावायची, मग झाडं पाणी साफ ठेवतात आणि मासे सुखानं राहतात, एवढं त्याला पटलं आणि तो खुलला. झाडं म्हटल्यावर तो आता त्याच्या प्रांतातला विषय होता. खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्याकडून त्यानं चांगली दोन हात लांब टाकी करून घेतली, लोखंडी स्टँड केलं, आणि मला न विचारता कामाला लागला.

आता शेतकरी माणूस झाड लावणार म्हटल्यावर काय करेल? त्यानं केनवडच्या वावरातली काळी माती आणली आणि तिच्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं. वरून वाळू, मग पाणी. दोन दिवसांत ती काळी माती अशी फुगली की वाळू फोडून वर आली, बुडबुडे निघायला लागले, पाण्याचा काढा झाला आणि समोरच्या खोलीत असा वास सुटला की दूधवाला पायरीवरूनच परत जायला लागला. मी पाहायला गेलो तर वहिनी बाहेरच्या ओट्यावर नाकाला पदर लावून बसलेल्या आणि हा आत बादल्या उपसतोय. मी विचारलं, पेरणी कधी? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीही एक बादली उचलली. पाण्यातल्या झाडाला एवढं खत लागत नाही, माशांचीच घाण त्यांना पुरते, हे त्याला नंतर समजलं. मग रिसोडच्या बाजूच्या एका टेकाडावरून तो बरडातली लाल-मुरमाड माती घेऊन आला, ती धुतली, वाळवली, चाळली, तिचा बोटभर थर दिला आणि वर नदीची वाळू, तीही पाणी नितळ निघेपर्यंत धुतलेली. ज्या बरडाला जन्मभर नावं ठेवली, तीच जमीन म्हातारपणी कामी आली, यात त्याला भारी गंमत वाटायची.

झाडं लावून त्यानं टाकी तशीच राहू दिली, एकही मासा सोडला नाही. येणारा-जाणारा विचारायचा, मासे कुठे आहेत? गजा म्हणायचा, जमीन आधी तयार होऊ द्या. झाडांनी मुळं धरली, पाणी हळूहळू काचेसारखं झालं, तेव्हा कुठे अकोल्याहून गप्पी आले, मग लाल-निळ्या पट्ट्याचे टेट्रा. नळाचं पाणी दिवसभर ड्रममध्ये उघडं ठेवून मग टाकीत घालायचं, दर रविवारी थोडं जुनं काढून थोडं नवं भरायचं, आणि काढलेलं पाणी कढीपत्त्याला नि जास्वंदीला. दिवा जास्त वेळ ठेवला की काचेवर हिरवं शेवाळ धरतं, म्हणून शेतातल्या मोटारीची पाळी सांभाळावी तशी तो दिव्याची पाळी सांभाळायचा. वहिनी या सगळ्याकडे लांबूनच पाहायच्या. उन्हाळ्यात माणसांना पाण्याची मारामार असताना हे काय काढून बसलात, असं त्यांनी ऐकवलंही. गजा ऐकून घ्यायचा. त्याला ऐकून घ्यायची कला चांगली साधली होती, मला ती या वयातही साधलेली नाही.

टाकीच्या पुढच्या बाजूला त्यानं एक बारीक गवत लावलं होतं, हेअरग्रास म्हणतात त्याला. ते वाळूखालून पसरत जातं आणि काही महिन्यांनी हिरवळ अंथरल्यासारखं दिसतं. ती हिरवळ धरावी म्हणून त्यानं पावसाळाभर वाट पाहिली. धरली. मला बोलावून दाखवली, फोटो काढून मंगेशला पाठवले. त्याच आठवड्यात आम्ही दोघं पोहरादेवीकडे एका सोयऱ्याच्या घरी गेलो होतो, संध्याकाळी परतलो. घरात शिरलो तर टाकीचा पुढचा भाग सपाट झालेला, स्वच्छ वाळू, आणि मागची मोठी झाडं मात्र जागच्या जागी. गजा तसाच उभा राहिला. मग हळूच त्यानं विचारलं, "मंगेशची माय, हे काय झालं वो?"

वहिनी आतून हात पुसत आल्या. चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान. "निंदून टाकलं," त्या म्हणाल्या. "किती गवत माजलं होतं. झाडाईले दाबून राह्यलं होतं. तुमचं तं ध्यानच नव्हतं."

जन्मभर निंदणाला गेलेली बाई. पिकात गवत दिसलं की हात आपोआप जाणारच. मला वाटलं, आता हा काही तरी बोलेल, आणि मी चपला शोधायला लागलो. पण गजानन खुर्चीत बसला आणि हसायला लागला. असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं आणि वहिनी घाबरल्या. काय चुकलं ते समजल्यावर त्यांचा चेहरा एवढासा झाला. उपटलेलं गवत त्यांनी सवयीनं कुंडीच्या बुडाशी टाकलं होतं, ते धावत जाऊन आणलं, परातीत पाणी घेऊन त्यात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून परत लावलं. गजा त्याच्या लांब चिमट्यानं एक एक काडी धरून लावायचा, निम्म्या वर तरंगायच्या. वहिनींनी बाही वर केली, दोन बोटांत जुडी धरली, मिरचीचं रोप लावतात तशी वाळूत दाबली, आणि ती बसली. त्या दिवसापासून लावणी-निंदणी वहिनींची आणि पाणी गजाचं, अशी वाटणी झाली. वहिनींना टाकीपुढे बसलेलं पाहायची मला सवय झाली. अंग पण भरलं त्यांचं.

त्यानंतरच्या एका दिवाळीत मंगेशनं फोनवर नेहमीचा आग्रह केला. मी तिथंच बसलो होतो. वहिनी इतक्या सहज बोलून गेल्या, की त्यांच्या स्वतःच्याही ते ध्यानात आलं नसावं. म्हणाल्या, "नाही रे बापा, घरी मासे आहेत." गजानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी त्याच्या कोणत्याच पिकाच्या वेळी पाहिला नव्हता, चांगल्या भावाच्या वर्षीही नाही. बायकोचं गेलेलं निमित्त तिला परत मिळालं होतं.

यंदा एप्रिल संपता संपता तो दुकानात आला, ती आमची शेवटची निवांत भेट. पोत्यावर बसला, भाजलेल्या शेंगा काढल्या, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मध्येच म्हणाला, "दामू, तुले एक सांगू काय? जमलेली टाकी आहे ना, तिले महिनाभर कोणी पाह्यलं नाही तरी काही होत नाही. झाडावरचंच खाऊन राह्यतात मासे." मी म्हटलं, मग इतके दिवस आम्हाला कशाला बनवतोस? तो शेंग फोडत म्हणाला, "पण हिच्यापुढं बोलू नको. हिले घर सोडाचं नाही अन् तसं म्हनता येत नाही. पोराचं मन मोडते ना." मग टरफलं झटकत, "मी असलो तं मी सांभाळीन. नसलो तं तू पाहून घे." मी त्याला वेड्यात काढलं, दुसरा विषय काढला. पाच-सहा दिवसच झाले असतील, आणि वहिनींचा तो फोन आला...

तेरवी झाली. पाहुणे गेले. मंगेशनं रजा वाढवून घेतली होती, ती संपत आली. निघायच्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा गाडी दारात उभी होती, डिकी उघडी, आणि वहिनींची कापडी बॅग आत ठेवलेली. वहिनी टाकीजवळ उभ्या होत्या. हो म्हणाल्या नव्हत्या आणि नाही म्हणायचं त्यांना जमत नव्हतं. पोरगा बापाच्या जाण्यानं निम्मा झाला होता, त्याला आईला एकटं सोडवत नव्हतं, आणि त्याचं काहीच चुकत नव्हतं. वहिनी एवढंच बोलल्या, "पाण्यात जित्राब आहे. त्याले कोण पाहीन?"

मंगेशनं मला विचारलं, काका तुम्ही याल का अधूनमधून? मी सांगितलं, पेरणीचे दिवस तोंडावर आले आहेत, दुकानातून पाय निघणार नाही. हे खरंच होतं. मग त्यानं सरळ प्रश्न केला. "काका, तुम्हाले बाबानं सगळं दाखवलं होतं. खरं सांगा, महिनाभर असे राहतात का हे मासे?"

वहिनी काचेकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही. पण त्यांचा झाकणावरचा हात हलायचा थांबला होता.

"नाही राह्यत," मी म्हणालो. आणि एकदा खोटं बोलायला लागलं की माणूस थांबत नाही. मी सांगितलं की पाणी उडून जातं, उन्हाळ्यात तर फारच, की शेवाळ धरतं, की झाडं कुजली तर दोन दिवसांत सगळा खेळ संपतो, की हे मासे नाजूक असतात, गावरान नसतात. पदरचं बरंच घातलं. बियाणं विकताना मी कधी इतकं बोललो नसेन.

मंगेश ऐकत राहिला. मग तो बाहेर गेला, डिकीतून आईची बॅग काढली, आत आणून कपाटाजवळ ठेवली आणि आईच्या पाया पडला. मी त्याला सोडायला गाडीपर्यंत गेलो. दार उघडता उघडता तो हळूच म्हणाला, "काका, बाबानं मले मागच्याच वर्षी सांगतलं होतं, महिनाभर राहते म्हणून. म्हणे, आईसमोर बोलू नको." डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. शेजारच्या बाई आता आईजवळ झोपायला येतात, ती सोय त्यानंच लावून दिली होती, हेही मला त्या दिवशीच समजलं. माझं एवढं मोठं भाषण वाया गेलं, याचं मला जरा वाईट वाटलं.

आता पेरण्या उरकल्या आहेत. दुकान थोडं मोकळं झालं, म्हणून मागच्या रविवारी पाणी बदलायला मदत करावी म्हणून गेलो. मदतीची गरज नव्हती. ड्रम भरलेला, नळी टाकीत सोडलेली, वहिनींचा हात कोपरापर्यंत पाण्यात. गजाची खुर्ची तिथंच आहे, मी तिच्यात बसलो. बाजूला परातीत उपटलेलं जास्तीचं गवत होतं, ते आता कोणी तरी मागून नेतं म्हणे. हिरवळ अशी भरली आहे की वाळू दिसत नाही. बसल्या बसल्या मला राहवेना. ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांच्यासाठीच मी खोटं बोललो होतो, आणि ते मनात टोचत होतं. मी म्हणालो, वहिनी, त्या दिवशी मी मंगेशला जे सांगितलं ते काही खरं नव्हतं. ही टाकी राहते महिनाभर. तुम्हाला कधी जावंसं वाटलं तर बिनधास्त जा.

त्यांनी हात बाहेर काढला नाही. दोन बोटांनी वाळूत एक जुडी दाबत राहिल्या, ती बसली का ते जरा हलवून पाहिलं.

"ठाऊक आहे मले," त्या म्हणाल्या. "मासे राह्यतात, भाऊजी. मीच नाही राह्यत."

मग त्यांनी मला नवं पाणी ओतायला सांगितलं, आणि मी उठून बादली उचलली.